थोडंसुद्धा नाही

सोलापूर, ११ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षा,

यातलं ‘चि.’ मी दोनदा गिरवून ठळक केलं आहे. बाकीचं अक्षर लागलं नाही तरी चालेल, तेवढं वाच.

तू माझा नंबर बंद करून टाकलास त्याला येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. म्हणून हे पत्र पायलच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही दोघी एका खोलीत राहायचा तेव्हा माझ्या हातच्या कडक भाकरी ती डबा-डबा संपवायची. तेवढ्या खाल्ल्या मिठाला जागून ती याचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचायचं की नाही ते तू ठरव.

मी तुझे व्हिडिओ बघते. ‘आज कुणाकडे’चे सगळे भाग बघितले आहेत, काही दोनदा. गावोगावी जायचं, कुणाच्याही घरात शिरायचं, त्यांच्यात बसून जेवायचं आणि ते जगाला दाखवायचं. छान दिसतेस. केस कापलेस ते मात्र शोभत नाहीत.

परवाचा वरंगळचा भाग लागला तेव्हा मी गिऱ्हाइकांची चटणी कुटायची थांबले. ती म्हातारी तांदळाच्या पिठाचा गोळा पातेल्यात थापत होती, बोटानं भोकं पाडून त्यात तेल सोडत होती. मला त्या पिठात पांढरे पांढरे दाणे दिसले. मी व्हिडिओ थांबवला, फोन घेऊन तशीच शेजारी कमलम्माकडे गेले. ती दारात विड्या वळत बसली होती. तिनं बघितलं आणि खूश झाली. म्हणाली, “अय्यो, सर्वपिंडी! आमच्या गावची. वैनी, पल्ली घातल्याशिवाय सर्वपिंडी होतच नाही.”

पल्ली म्हणजे शेंगदाणे, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

पुढे व्हिडिओत तू एक तुकडा मोडलास, हात तोंडाकडे नेलास, आणि तिथेच ते दृश्य तुटलं. नंतर तू कुठल्याशा दुसऱ्याच घरात हसत बसली होतीस. खाल्लास का तो तुकडा? टाकलास का? मला कोण सांगणार? दोन दिवस मी तेवढंच दृश्य मागे-पुढे करून बघत राहिले. तुझे पप्पा म्हणतात, “आगं, व्हिडिओ टाकलाय म्हंजी हाय की धडधाकट. आजारी माणूस व्हिडिओ टाकतं व्हय?” एस.टी.त तीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाला सगळंच सरळ दिसतं. पण व्हिडिओ काढलेला कधी आणि टाकलेला कधी, हे त्यांना कोण समजावणार.

शेंगदाण्याचा कण पोटात गेला की तुझा घसा सुजतो, श्वास अडकतो. सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हापासून तुझी कढई वेगळी, तुझा पळा वेगळा, हे मीच केलं ना? आणि आता तू परक्यांच्या चुलीपुढे बसून त्यांच्या हातचं खातेस. फक्त आईच्या हातचं चालत नाही.

त्या दिवशीचं म्हणशील, तर ती चूक होती. चुकून पडलं, हे मी तेव्हाही सांगितलं. कूट म्हणजे शेंगदाणा, हे सोलापूरच्या बाईच्या डोक्यातच येत नाही. आमटी असो, कोशिंबीर असो, वांगं असो, हात आपोआप त्या डब्यात जातो. भाजीत काय काय घातलं असं कुणी विचारलं तर आम्ही सगळं सांगू, कूट सांगणार नाही. ते मोजण्यातच नसतं. तू याच घरात वाढलीस, तुला हे कळायला हवं.

खुशाली कळव. एक ओळ पायलला पाठव, पुरे.

आई


२९ ऑगस्ट

चि. अपेक्षा,

ओळ आली नाही. व्हिडिओ मात्र आला, ओडिशाचा. आंबवलेला पाणीभात, भाजलेलं वांगं, वर मोहरीचं तेल. तो बघून मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

सोबत पाकिटात आठ कार्डं आहेत. फेकायच्या आधी कशी झाली ते ऐक.

तुझ्या व्हिडिओत मी बघते, तू हिंदीत विचारतेस, “इसमें मूंगफली है क्या?” समोरची बाई मान डोलावते. तिला हिंदी येत नाही, अपू. ती पाहुणीला बरं वाटावं म्हणून मान डोलावते. तुला ती ‘नाही’ वाटते आणि तू खातेस. हे बघून मी ठरवलं की ज्याला त्याला त्याच्याच भाषेत लिहिलेलं दाखवायचं. त्यासाठी हिंडायला कशाला हवं, आपल्या सोलापुरात सगळे आहेतच.

आधी कमलम्मा. तिला म्हटलं, तेलुगूत लिही, ‘मी शेंगदाणे खाल्ले तर मरेन.’ तिनं पेन खाली ठेवलं. “वैनी, लेकीचं असं लिहू नये. माझा हात चालणार नाही.” मी म्हटलं, अगं, कागदावर तर आहे. ऐकेना. शेवटी ‘श्वास बंद पडतो’ एवढ्यावर आम्ही तोड केली. मग लक्षात आलं की कुणीच लिहीत नाही. अक्कलकोटकडचा रिक्षावाला बसू, त्यानं कन्नडमध्ये ‘फार त्रास होतो’ एवढंच लिहिलं होतं, त्याच्याकडून मी पुन्हा लिहून घेतलं. भांड्यांच्या दुकानातल्या हंसाबेननं गुजरातीत लिहिताना आधी देवाचं नाव घातलं. टायरवाल्या अनिलकुमारनं मल्याळममध्ये लिहिलं. रेल्वेच्या कामावर वेल्डिंग करणाऱ्या मृत्युंजयनं ओडिया लिहिलं, आणि त्याच्याच खोलीतल्या बंगाली नि आसामी सोबत्यांकडून दोन आणून दिली. शहनाजआपा ब्लाऊज शिवता शिवता बोलल्या आणि त्यांच्या सुनेनं उर्दूत उतरवून घेतलं. ‘मरेन’ एकानंही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या लेकीचं मरण कुणालाही आपल्या हातानं लिहवत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लिहून झालं की प्रत्येकानं मान वर केली आणि एकच विचारलं. कमलम्मा म्हणाली, “कोंचम कूडा वद्दा?” बसू म्हणाला, “अक्का, स्वल्प नडितैती?” हंसाबेन म्हणाली, “थोडुंक तो चाले ने?” मृत्युंजय म्हणाला, “माँजी, थोडा खाने से क्या होगा?”

थोडं चालेल ना?

पहिल्या दोघांच्या वेळी मला हसू आलं. तिसऱ्या वेळी हसू पळालं. देशात कुठेही जा, पाहुण्याला लोक हेच म्हणणार. आणि प्रेमानंच म्हणणार, म्हणून तर भीती वाटते. तेव्हा मी पुन्हा सगळ्यांकडे फिरले आणि प्रत्येक कार्डावर दुसरी ओळ घालून घेतली, पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरात: थोडंसुद्धा नाही.

प्लॅस्टिकमध्ये घालून आणली आहेत, पावसात भिजणार नाहीत. वापर. माझ्यावरच्या रागापायी फेकू नकोस.

आई


३ ऑक्टोबर

चि. अपेक्षा,

काल दसरा झाला. तुझ्या पप्पांनी तुझ्या फोटोपुढे सोनं ठेवलं. मी त्यांच्यावर ओरडले. फोटोपुढे काय ठेवायचं असतं नि कुणाच्या, याचा काही विचार? ते बिचारे आपट्याची पानं हातात धरून उभेच राहिले.

स्वयंपाकघरात मी देशाचा नकाशा लावला आहे. शाळेतल्या मुलांचा असतो तो. त्यावर मी तेलं लिहिली आहेत. केरळवर खोबरेल, म्हणून तिथे हिरवा टिपका. बंगाल, आसाम, ओडिशा मोहरी, हिरवा. तमिळनाडूत तीळही आहे आणि आपलं हे पण आहे, म्हणून पिवळा. तेलंगण लाल. आपण तर लालच. तू आसामात आहेस म्हणून आठवडाभर मी माणसात आहे. केळीच्या सालीच्या राखेचा खार घालून केलेली पपईची भाजी तू खाल्लीस तेव्हा मी इथून म्हटलं, खा बाई, आणखी घे. जिनं कधी बार्शीच्या पुढे पाऊल टाकलं नाही त्या बाईला आता कुठल्या गावात कशात तळतात ते तोंडपाठ आहे. दुसऱ्या कुणाच्या आईला विचार, येईल का सांगता?

कार्ड हातात दिसलं नाही अजून. मी प्रत्येक वेळी तुझे हात बघते.

एक सांगायचं राहिलं होतं. मागे मी ‘चुकून पडलं’ असं लिहिलं. त्या दिवशी स्वयंपाकात आजीही होत्या, हे तुला आठवत असेल. आता त्या गेल्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये. पण कुटाचा डबा त्यांच्या हाताशी होता. बाकी तू समजून घे.

आई


२७ ऑक्टोबर

चि. अपेक्षा,

दिवाळी झाली. तू सौराष्ट्रात गेलीस.

सगळा देश पडला होता, तुला जाऊन जाऊन तिथेच जायचं होतं? आत्ता? भुईमूग काढायचे दिवस आहेत. शेतात शेंगा, अंगणात शेंगा, घाण्यावर ताजं तेल. हंसाबेननं सांगितलं, त्यांच्या माहेरी भाजीही त्यात, रोटल्यावरही तेच, लसणाच्या चटणीतही तेच. रिफाइंडमध्ये म्हणे त्रास कमी असतो, घाण्याच्या तेलात सगळं असतं. माझ्या नकाशावर तो भाग मी इतका लाल केला की कागद फाटला.

बावीस तारखेला तू एक छोटा व्हिडिओ टाकलास. बैलगाडीत शेंगांच्या वेलांवर बसली आहेस. वेलांवर! हसते आहेस. त्यानंतर काही नाही. रोज एक तरी फोटो टाकणारी तू, पाच दिवस काही नाही.

पायलला फोन केला. ती म्हणाली, “काकू, रेंज नसेल.” तिचा आवाज चिरकला. मला खोटा आवाज ओळखता येतो, मी स्वतः तो काढलेला आहे.

आई


२९ ऑक्टोबर

अपू,

अजून काही नाही. पायलही आता फोन उचलत नाही. तुझे पप्पा पोलीस चौकीत जाऊन आले. त्यांनी विचारलं, कुठल्या गावात आहे? आम्हाला माहीत नाही. मुलीचं वय? सत्तावीस. घरातून कधी गेली? तीन वर्षं होत आली. मग हवालदार हसला म्हणे. पप्पा घरी येऊन शर्ट न काढता बसून राहिले. म्हणाले, “आपुन तिला इचारायचा हक्कच घालवलाय गं. कुटं म्हणून हुडकायची?”

‘आपण’ म्हणाले. त्यांचा काय दोष? त्यांना काहीच माहीत नाही. त्यांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही, म्हणून ते स्वतःलाही त्यात धरतात.

तुला हे पत्र पोचेल की नाही, माहीत नाही. तू हे वाचायला आहेस की नाही, हेही. म्हणूनच आता लिहिते, नाहीतर माझा हात पुन्हा कचरेल.

चुकून पडलं नाही. आजींचा काही संबंध नाही. त्या माउलीचं नाव मी घेतलं, मला नरकात जागा नाही.

मी घातलं. त्या दिवशीच नाही, आधीपासून. त्या वर्षी दिवाळीला तू पुण्याहून आलीस तेव्हापासून, तू घरी आलीस की तुझ्या वेगळ्या कढईत मी चिमूटभर कूट टाकायचे. कुठल्याशा पेपरात वाचलं होतं की थोडं थोडं देऊन अंगाला सवय लावतात. ते डॉक्टर लावतात, दवाखान्यात बसवून, हे पुढच्या ओळीत असेल, ते मी वाचलं नाही. तुझे ओठ खाजायचे, पोट दुखायचं. मी म्हणायचे, पुण्याची हवा तुला मानवत नाही.

का केलं? तुझं लग्न जमावं म्हणून. ज्या गावात सून पहिल्या दिवशी कुटाचा डबा हातात घेते, तिथे वेगळ्या कढईची मुलगी कोण करून घेणार? दोन स्थळं त्यावरूनच गेली होती. मला वाटलं, वर्षभरात सवय होईल, कुणाला कळणारही नाही, आणि मग मीच तुला हसत सांगेन.

मग बार्शीची मंडळी बघायला आली. मुलाच्या आई म्हणाल्या, “मुलगीपण आमच्यातच बसू दे की जेवायला.” दोन कढया त्यांना दिसू नयेत म्हणून मी एकच भाजी केली. भरली वांगी. तू ताटाकडे बघितलंस आणि हळूच विचारलंस, “आई, यात कूट नाही ना?”

मी म्हटलं, “नाही.”

तुला हे माहीत आहे. मी फक्त पहिल्यांदा लिहिलं.

अपू, कुठे आहेस? तुझ्याजवळ कोण आहे? ती माणसं थोडं घे म्हणत असतील का गं?

आई


६ नोव्हेंबर

चि. अपेक्षा,

तू आहेस. आहेस, आहेस.

पाच दिवस तिथल्या दवाखान्यात होतीस, आणि ते पायलला माहीत होतं, तूच तिला सांगू नको म्हणालीस, हे सगळं ती काल फोनवर रडत बोलली. मी तिच्यावर रागावले नाही. मी देवघरापुढे जाऊन बसले आणि मला एकही स्तोत्र आठवेना.

फरसाणाच्या पुडीतलं काहीतरी निघालं म्हणे. प्रवासात, गाडीत, स्वतःच विकत घेतलेलं. तू जवळ बाळगतेस ते इंजेक्शन तू स्वतःच मांडीत मारून घेतलंस. तू असं काही बाळगतेस हे मला काल कळलं. ते आपल्या घरात का नव्हतं? वीस वर्षं मी वेगळी कढई घासत बसले आणि हे डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

मग आजचा व्हिडिओ आला. दवाखान्यातून निघाल्यावर तू त्या बैलगाडीच्या गावातल्या एका घरी गेलीस ते. चेहरा उतरला आहे. ती बाई ताट वाढायला लागली आणि तू खिशातून कार्ड काढलंस. हंसाबेनचं अक्षर मी ओळखलं, वरचं देवाचं नावसुद्धा. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तुझ्याकडे बघितलं. मग उठली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, चूल पुन्हा सारवली, शेजारून कोरा तवा मागून आणला, आणि तुला बाजरीचा रोटला नि गूळ दिला. वर दूध. तेल नाही, काही नाही. तू तोंडात घास घातलास तेव्हा ती स्वतः न जेवता तुझ्या गळ्याकडे बघत बसली होती.

परकी बाई. तिनं ‘थोडं’ म्हटलं नाही.

तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, “हे कार्ड मला कुणीतरी लिहून दिलंय.” कुणीतरी. बरोबर आहे. मी ते अकरा वेळा ऐकलं आणि पप्पांना बोलावून बारावी वेळ ऐकवलं.

त्यांना सगळं सांगितलं, मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी. ते बोलत नाहीत माझ्याशी. जेवतात, ताट उचलून ठेवतात, जेऊरला शेतावर जाऊन येतात. बोलतील तेव्हा बोलतील.

आई


५ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा,

आठ दिवसांपूर्वी पायलचा फोन आला. “काकू, अपू म्हणाली, शेवटचा भाग सोलापूर. तेरा तारखेला सकाळी पोचेल. आई वाढेल ते खाईल, कॅमेऱ्यासमोर.”

तुझे पप्पा दोन महिन्यांनी माझ्याशी बोलले. “पोरगी यायलीय आणि तू रडायलीस व्हय? ऊठ की, घर आवर.” मी आनंदानं रडते आहे असं त्यांना वाटलं. मी भीतीनं रडत होते, अपू. अजून रडते आहे.

तेरा तारीख म्हणजे भोगी. साऱ्या सोलापुरात त्या दिवशी घरोघरी भोगीची भाजी, तीळ आणि शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी संक्रांत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, ज्याच्या त्याच्या हातात तिळगूळ. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस तू निवडलास. मुद्दाम निवडलास का? ही माफी आहे की परीक्षा, हे मला कळत नाही, आणि विचारायची माझी पायरी नाही.

शेंगाचटणी बंद केली आहे, गिऱ्हाइकांना परत पाठवते. घर आठ दिवस धुते आहे. खिडकीच्या फटीतून शेंगदाण्याची लाल सालं निघतात. दाराच्या बिजागरीतून निघतात. काल पोळपाट उलटा केला तर पायांच्या खाचेत निघाली. मी वीस वर्षं इथे कुटते आहे, हे घर काही माझं ऐकत नाही. पीठ गिरणीतून आणावं तर तिथे आधी कुणी काय दळलंय, कोण जाणे. नवा तवा आणला, तो धुवायला घेतला तर वाटलं, घासणी तीच आहे. घासणी फेकली. मग हाताकडे बघितलं. हात तर तेच आहेत.

आधी मी चाखून बघेन, असं मनात आलं होतं. पण मी चाखून काय कळणार? मला त्यानं काही होत नाही. मी आयुष्यभर जे सुखानं खाल्लं तेच तुझा जीव घेतं, आणि माझ्या जिभेला त्यातलं काही समजत नाही.

आता शेवटचं. हे मागच्या पत्रात लिहिलं नाही. तू सापडल्यावर मला वाटलं, आता कशाला.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं, काय खाल्लं हिनं? बार्शीची मंडळी दारात उभी होती. मी म्हटलं, “काही नाही, पित्त झालंय, दगदग झाली.” डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन भरायला लागले. तुला बोलता येत नव्हतं. तू त्यांच्या खिशातलं पेन ओढून चादरीवर लिहिलंस, ‘शेंगदाणा’. मग सगळी धावपळ झाली आणि तू वाचलीस. तू स्वतःला वाचवलंस. मी नाही.

तुला वाटत असेल, आई घाबरली, गोंधळली. मी अजिबात गोंधळले नव्हते. तुझे ओठ निळे पडत होते, ते मला दिसत होते. कशानं, ते मला माहीत होतं. आणि मी त्या बार्शीच्या बाईच्या तोंडाकडे बघत होते, तिला काही कळलं का म्हणून. किती वेळ? दोन मिनिटं असतील. चार असतील. त्या वेळात मला तुझ्यापेक्षा ते स्थळ हवं होतं.

म्हणून मला आता शेंगदाण्याची भीती उरलेली नाही. त्याच्यासाठी कार्डं आहेत, इंजेक्शन आहे. मला माझी भीती वाटते. कॅमेरा चालू असेल, शेजारपाजार जमलेला असेल, कमलम्मा दारात असेल, सगळे म्हणतील, आईनं लेकीसाठी काय सुंदर केलंय. अशा वेळी माझ्या हातून काही राहून गेलं, आणि तू विचारलंस, “आई, यात कूट नाही ना?”, तर मी खरं सांगेन याची मला खात्री देता येत नाही. सांगेन असं वाटतं. पण तेव्हाही मला मी चांगली आईच वाटत होते.

सोबत मराठीतलं कार्ड आहे. सोलापुरात तुला तेही लागेल. हे मी माझ्या हातानं लिहिलं आहे. त्यात ‘श्वास बंद पडतो’ नाही. ‘मी मरेन’ असंच लिहिलं आहे. लिहायला मला तीन दिवस लागले. हे कुणाला दाखवायचं झालं, तर आधी मला दाखव.

सगळ्या आया लेकीला म्हणतात, पोटात भूक ठेवून ये. मीही आयुष्यभर म्हटलं. बाळा, ये. तेरा तारखेला ये, संक्रांतीला राहा, पप्पांना भेट, कॅमेऱ्यासमोर मला हवं ते विचार, मी तुझ्यापुढे बसेन. पण माझ्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस. मी आग्रह केला तरी नको. थोडं घे म्हणाले तरी नको.

जेवून ये.

आई